समुद्रबर्फाचा शक

ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्या शेवटी बहुधा एक वाक्य असते: उपग्रहांनी नोंदी घ्यायला सुरुवात केल्यापासूनचा हा नीचांक आहे. ही सुरुवात म्हणजे १९७९. आलेख कोणताही उघडा, रेघ तिथूनच निघते. आपल्याकडे शालिवाहन शक आहे, राज्याभिषेक शक आहे. तसा समुद्रबर्फाचाही एक शक आहे आणि त्याची पहिली तिथी आहे २६ ऑक्टोबर १९७८. शक म्हटला की इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न पडतात. तो कोणी सुरू केला, आणि त्याच्या आधी काय होते? मी हवामानशास्त्रज्ञ नाही. जुने कागद आणि जुने नकाशे वाचणे, ते कोणी आणि कशासाठी तयार केले याचा माग काढणे, एवढाच माझा नाद. त्या नादापायी गेली काही वर्षे मी या आलेखाच्या डाव्या काठापलीकडे काय सापडते ते वाचत आलो आहे. तिथे बरेच काही आहे, आणि जे आहे ते आजच्या वादांना थेट भिडणारे आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. 'टायटॅनिक' ज्याला धडकली तो हिमनग, म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून आलेला गोड्या पाण्याचा तुकडा. समुद्रबर्फ वेगळा. तो समुद्राच्याच पाण्याचा. खारे पाणी शून्याखाली सुमारे १.८ अंशांना गोठू लागते. आधी पाण्यात सुया तयार होतात, मग तेलकट दिसणारी साय धरते, मग लाटांच्या घुसळणीने काठ उचललेल्या गोल चकत्या बनतात. इंग्रजीत त्यांना पॅनकेक म्हणतात. नामकरण कोकणात झाले असते तर घावन म्हटले असते. चकत्या एकमेकींना चिकटतात, थर वाढतो, आणि हिवाळाभरात एक-दोन मीटर जाडीचे पठार तयार होते. अंटार्क्टिकाभोवती हा बर्फ फेब्रुवारीत साधारण तीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ भारताएवढा उरलेला असतो. सप्टेंबरात तो १ कोटी ८५ लाखांच्या आसपास जातो. दर वर्षी पाच भारत गोठतात आणि विरघळतात.

हा पसारा पूर्वी मोजला जात होता तो जहाजाच्या डेकवरून. मोजणाऱ्यांना विज्ञानाची फिकीर नव्हती, जिवाची होती. १८७१ च्या सप्टेंबरात अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ देवमाशांची शिकार करणारी ३३ जहाजे बर्फात अडकली. १,२१९ माणसे छोट्या होड्यांतून निसटली आणि त्यांतला एकही जीव गेला नाही. जहाजे मात्र सोडून द्यावी लागली. अशा जहाजांच्या रोजनिश्यांत 'आज अमुक अक्षांशावर बर्फाची कड दिसली' अशा नोंदी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९५६ पर्यंत डेन्मार्कच्या हवामान संस्थेने अशा नोंदी गोळा करून आर्क्टिकचे वार्षिक नकाशे छापले. त्या नकाशांत एक प्रामाणिकपणा आहे जो मला फार आवडतो: प्रत्यक्ष पाहिलेला बर्फ एका खुणेने आणि अंदाजाने भरलेला बर्फ दुसऱ्या खुणेने दाखवलेला असतो. सोव्हिएत संघाला सैबेरियाच्या उत्तरेकडून जहाजमार्ग हवा होता, म्हणून लेनिनग्राडच्या आर्क्टिक संस्थेने १९३३ पासून विमानांच्या मदतीने नकाशे काढायला घेतले. पुढच्याच वर्षी 'चेल्युस्किन' हे जहाज बर्फाने चिरडले आणि १०४ माणसे तरंगत्या बर्फावर दोन महिने तंबू ठोकून राहिली. नकाशा कशासाठी हवा, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

दक्षिणेकडे मात्र असे काहीच नव्हते. अंटार्क्टिकाच्या समुद्रात हिवाळ्यात कोण जाणार?

आता आकाशाकडे वळू. पहिला हवामान उपग्रह, टायरॉस-१, १ एप्रिल १९६० रोजी सुटला. पण त्याची कक्षा विषुववृत्ताशी ४८ अंशांचा कोन करणारी होती. तो ध्रुवांपर्यंत पोहोचतच नव्हता. ध्रुवांवरून जाणारी कक्षा मिळाली ती निंबस मालिकेला. निंबस-१ हा २८ ऑगस्ट १९६४ रोजी सुटला. अग्निबाणाचा शेवटचा टप्पा पुरेसा जळला नाही म्हणून त्याची कक्षा वर्तुळाऐवजी लंबगोल झाली. महिना भरायच्या आत, २३ सप्टेंबरला, सूर्यपंख फिरवणारी यंत्रणा बंद पडली आणि उपग्रह निकामी झाला. त्या काळच्या हिशेबाने जेमतेम यश.

पण तो जगला तो महिना पाहा. सप्टेंबर! उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वर्षातला सर्वांत कमी होतो तो सप्टेंबरात, आणि दक्षिण ध्रुवाकडचा सर्वांत जास्त होतो तोही सप्टेंबरातच. शिवाय विषुवदिनाच्या आसपास दोन्ही ध्रुवांवर थोडाफार उजेड असतो. मुद्दाम निवडायचा म्हटला असता तरी याहून चांगला महिना मिळाला नसता. निंबसने हे जे टिपले त्याकडे पुढची जवळपास पन्नास वर्षे कोणी पाहिले नाही. उपग्रहावरच्या टीव्ही कॅमेऱ्याचे चित्र जमिनीवर यायचे, पडद्यावर दिसायचे आणि त्या पडद्याचा फोटो फिल्मवर घेतला जायचा. ढग पाहणे हा हेतू होता; हवामानाचा अंदाज वर्तवून झाला की फिल्मचे काम संपले. ती रिळे डब्यांत बंद होऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथल्या हवामान अभिलेखागारात पडून राहिली.

पुण्यातल्या पेशवे दफ्तरात रुमाल बांधलेली कागदपत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे अमेरिकेचे हिम आणि बर्फविषयक माहिती केंद्र आहे. तिथल्या डेव्हिड गॅलहर, गॅरेट कॅम्पबेल आणि वॉल्ट मायर यांनी ही रिळे मागवली आणि एकेक चौकट स्कॅन केली. उपग्रहाची कक्षा ठाऊक होती, त्यावरून प्रत्येक चित्र पृथ्वीवर कुठे बसते ते गणिताने ठरवले. सर्वांत अवघड भाग होता ढग आणि बर्फ वेगळे काढण्याचा, दोन्ही पांढरेच. एकाच जागेची वेगवेगळ्या दिवसांची चित्रे शेजारी ठेवायची, जे सरकते ते ढग, जे स्थिर राहते तो बर्फ. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९६४ मध्ये आर्क्टिकचा बर्फ सुमारे ६९ लाख चौरस किलोमीटर होता, आणि अंटार्क्टिकाचा सुमारे १ कोटी ९७ लाख. पुढे निंबस-२ च्या चित्रांवरून ऑगस्ट १९६६ चा दक्षिणेचा आकडा काढला तेव्हा तो निघाला फक्त १ कोटी ५९ लाख.

या आकड्यांवर थोडे थांबले पाहिजे, कारण त्यांचा उपयोग दोन्ही बाजूंनी केला जातो. दक्षिणेचा बर्फ शकापूर्वीही दोन वर्षांत एवढा खाली-वर होत असेल, तर आजच्या घसरणीत विशेष ते काय, असे विचारणारे लोक आहेत. प्रश्न रास्त आहे. मात्र १९६६ चा आकडा ऑगस्टचा आहे, पूर्ण वाढीच्या सप्टेंबरचा नाही, आणि तो ढगांच्या फटींतून मिळवलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच रिळांमध्ये उत्तरेचे ६९ लाखही आहेत. हा आकडा १९८० आणि ९० च्या दशकांतल्या आकड्यांशी जुळणारा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ ३४ लाखांपर्यंत खाली आला, म्हणजे १९६४ च्या निम्मा. एकाच रुमालातले एक पत्र अस्सल मानायचे आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचे, हे इतिहासात चालत नाही. इथेही चालू नये.

मग शक १९६४ पासून का सुरू झाला नाही? कारण अंधार. ध्रुवावर रात्र महिनोन्महिने चालते, ही गोष्ट मराठी वाचकाला टिळकांमुळे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९०३ साली त्यांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ निघाला. त्या वेळी ध्रुवावर कोणीही पोहोचले नव्हते आणि नकाशाचा मधला भाग कोरा होता. टिळकांचा निष्कर्ष आज अभ्यासक मान्य करत नाहीत, पण दीर्घ उषा आणि दीर्घ रात्र यांवर त्यांनी जो भर दिला होता, नेमकी तीच रात्र साठ वर्षांनी उपग्रहांच्या कॅमेऱ्यांना आडवी आली. हिवाळ्यात दिसत नाही, आणि उन्हाळ्यात उजेड असतो तेव्हा ढग असतात.

यातून वाट काढली ती मायक्रोवेव्हने. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेनुसार सूक्ष्म लहरी बाहेर टाकत असते. त्या रात्रीही निघतात आणि बहुतेक ढगांतून आरपार जातात. यातली गंमत अशी की या लहरींच्या नजरेला समुद्र थंड दिसतो आणि बर्फ गरम. पाण्याचे तापमान प्रत्यक्षात बर्फाहून अधिक असते, पण पाणी या लहरी फार कमी सोडते आणि नवा खारट बर्फ भरपूर सोडतो. दोघांतला फरक सुमारे शंभर अंशांचा भरतो. काळ्या पाटीवर खडूने लिहिल्यासारखे चित्र. ११ डिसेंबर १९७२ ला सुटलेल्या निंबस-५ वर असे पहिले उपकरण होते. त्याचे नाव ईएसएमआर.

त्या उपकरणाने जे दाखवले त्यातली एक गोष्ट मी कधीही विसरणार नाही. १९७४ च्या हिवाळ्यात वेडेल समुद्रात, चारही बाजूंनी बर्फ असताना मध्येच एक प्रचंड भोक दिसले. उघडे पाणी. त्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडेसेच लहान. १९७५ मध्ये ते पुन्हा उघडले, १९७६ मध्ये पुन्हा. अशा जागेला रशियन शब्दावरून पोलिनिया म्हणतात. खोल समुद्रातले कोमट पाणी वर येऊन बर्फ धरू देत नव्हते, आणि समुद्राची उष्णता ध्रुवीय रात्रीत आकाशात निघून जात होती. एवढी मोठी घटना, आणि तिथे पाहायला एकही माणूस नव्हता. उपकरण दोन वर्षे उशिरा सुटले असते तर तिची सुरुवात हुकली असती. त्यानंतर तिथे एवढे मोठे भोक पुन्हा पडलेले नाही; २०१६ आणि २०१७ मध्ये जवळच उघडले ते बरेच लहान होते. शक १९७८ पासून मोजणाऱ्याच्या लेखी महाराष्ट्राएवढे ते भोक घडलेलेच नाही.

ईएसएमआरला एकाच लहरीवर पाहता येत असे, त्यामुळे जुना बर्फ आणि विरळ बर्फ यांत त्याचा गोंधळ होई. शिवाय त्याच्या नोंदींत खंड होते. २४ ऑक्टोबर १९७८ ला सुटलेल्या निंबस-७ वर पाच वारंवारतांचे उपकरण बसवले गेले आणि दोनच दिवसांत ते चालू झाले. ते एक दिवसाआड चाले. १९८७ मध्ये त्याची जागा अमेरिकी लष्कराच्या हवामान उपग्रहांवरच्या उपकरणांनी घेतली. जुने आणि नवे एकत्र चालले ते जेमतेम सहा आठवडे, ९ जुलै ते २० ऑगस्ट. आलेखावरची ती सलग रेघ या सहा आठवड्यांच्या सांध्यावर तोललेली आहे.

रेघ सलग दिसते, पण तिच्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. पृथ्वीचे २५ किलोमीटरचे चौकोन पाडले जातात. चौकोनात १५ टक्के बर्फ असला तर तो पूर्ण बर्फाचा धरायचा, १४ टक्के असला तर पाण्याचा. असे का? कारण उन्हाळ्यात बर्फावर डबकी साचतात आणि उपकरणाला ती उघडा समुद्र वाटतात. बर्फाची कड मात्र बऱ्यापैकी भरवशाने सापडते. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. पहिल्या उपकरणाला खुद्द उत्तर ध्रुव दिसतच नव्हता! ८४.५ अंशांपलीकडचा सुमारे बारा लाख चौरस किलोमीटरचा वर्तुळाकार तुकडा त्याच्या नजरेबाहेर होता. तिथे बर्फ आहे असे गृहीत धरून तो आकड्यात मिळवला जातो. डेन्मार्कच्या नकाशावरच्या अंदाजाच्या खुणांची मला इथे आठवण होते.

मग पाठभेदही आले. २०१४ साली काही संशोधकांनी दाखवले की अंटार्क्टिकाच्या बर्फाची वाढ मोजणाऱ्या एकाच पद्धतीच्या दोन आवृत्त्या वेगवेगळा कल सांगतात, आणि फरकाचे मूळ डिसेंबर १९९१ मधल्या उपकरणबदलात आहे. सांधा जोडताना रेघ किंचित उचलली किंवा दाबली गेली, एवढेच. पण दक्षिणेचा बर्फ वाढतो आहे की नाही, वाढत असल्यास किती, हा त्या वेळी जगभर चाललेला वाद अशा एका सांध्यावर अवलंबून होता. नकलाकाराच्या हातून एक काना सुटला की वंशावळी बदलतात, हे आपण पाहिलेले आहे.

या सगळ्याच्या समांतर नकाशाची एक जुनी परंपरा अजून जिवंत आहे. जहाजाच्या कप्तानाला २५ किलोमीटरचे चौकोन उपयोगी नसतात. त्याच्यासाठी अमेरिका, कॅनडा, नॉर्वे, रशिया इथले नकाशाकार रडारची चित्रे समोर ठेवून डोळ्यांनी बर्फाच्या सीमा आखतात. १९७८ मध्ये सीसॅट उपग्रहाच्या रडारने हे शक्य असल्याचे दाखवले. तो उपग्रह साडेतीन महिन्यांतच बंद पडला. नकाशाच्या प्रत्येक भागावर ते अंड्याच्या आकाराची एक चौकट काढतात आणि तिच्यात बर्फ दहांत किती भाग, किती जुना, तुकडे केवढे, हे आकड्यांनी लिहितात.

भारताचे नाव या कथेत उशिरा येते, पण येते. १९७९ च्या भास्कर उपग्रहावर निंबस-५ प्रमाणेच १९ गिगाहर्ट्झच्या आसपास पाहणारे उपकरण होते, मात्र टायरॉससारखीच त्याची कक्षा ध्रुवांपासून दूर होती. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचे जहाज डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांना घेऊन निघाले आणि ९ जानेवारीला ती मंडळी अंटार्क्टिकावर उतरली. १९९९ च्या ओशनसॅट-१ वरच्या उपकरणातून अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने अंटार्क्टिकाच्या समुद्रबर्फाचे नकाशे काढले, आणि आज आपल्या मोहिमेच्या जहाजाला बर्फातून वाट सुचवणारा सल्ला तिथूनच जातो. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तर सैबेरियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणे आणि आपल्याकडे मोसमाच्या शेवटी होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असल्याचे मांडले आहे.

दक्षिणेच्या बर्फाने २०१४ मध्ये २ कोटी चौरस किलोमीटरचा टप्पा ओलांडला. नंतरच्या तीन वर्षांत तो अशा वेगाने घटला की आर्क्टिकची घट त्यापुढे संथ ठरावी. क्लेअर पार्किन्सन यांनी २०१९ मध्ये हे चाळीस वर्षांच्या नोंदींवरून दाखवून दिले. २०२३ च्या सप्टेंबरात कमाल विस्तार १ कोटी ७० लाखांच्याही खाली राहिला. हे शकातले सर्वांत मोठे वळण, आणि नेमक्या याच काळात नोंद ठेवणारी उपकरणे म्हातारी झाली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये एका लष्करी उपग्रहाची महत्त्वाची वाहिनी बिघडली. त्याच मालिकेतला विसावा उपग्रह बांधून तयार होता, कोठारात ठेवलेला होता. निधी नाकारला गेला आणि तो न उडताच मोडीत निघाला. जून २०२५ मध्ये उरलेल्या उपग्रहांची माहिती देणेच बंद करण्याचे जाहीर झाले, मग आधी महिनाभराची आणि नंतर सप्टेंबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मिळाली. बोल्डरच्या केंद्राने रेघ तुटू नये म्हणून जपानी उपग्रहावरच्या उपकरणाचा आधार घेतला. म्हणजे आणखी एक सांधा.

इकडे रेघ पुढे नेण्याची अशी धडपड चालू असताना काही जण ती मागे नेत आहेत. युरोपीय अवकाश संस्थेच्या एका प्रकल्पात निंबस-५ च्या जुन्या नोंदी नव्या गणिताने वाचून डिसेंबर १९७२ ते मे १९७७ पर्यंतचे बर्फाचे नकाशे पुन्हा तयार झाले आहेत. वेडेलचे भोक त्यांत आहे. मे १९७७ ते ऑक्टोबर १९७८ या सतरा महिन्यांची जागा अजून रिकामी आहे. त्या महिन्यांसाठी अमेरिकी बर्फ केंद्रातल्या नकाशाकारांनी आठवड्याला एक याप्रमाणे हाताने आखलेले नकाशे तेवढे आहेत.